शब्दांचे केसपेपर

चंद्रपूरच्या कातडीच्या डॉक्टरांनी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या आणि मनगटापर्यंतची कातडी लाल होऊन सोलली होती.

"हातमोजे किती वर्षं वापरता?"

"बावीस."

"दुसऱ्या प्रकारचे घालून पाहिले?"

"पाहिले. त्यानंही होतं."

"मग आता बस्स. हातमोजे नाहीत, स्पिरिट नाही, फिनेल नाही. वॉर्डाचं काम सोडा, सिस्टर."

एवढं सांगायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, मी बावीस वर्षं नर्स होते. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. माझा नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे. मूल गावाच्या पुढे जंगल लागलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "एक पार्ट गेला म्हणून गाडी कोणी भंगारात देते का? दुसऱ्या कामाले लावते."

"मले गाडी नका म्हणू," मी म्हटलं. पण त्यानंतर रडू थांबलं, हे खरं.

आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी मला केसपेपरच्या खोलीत बसवायचं ठरवलं असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी भलतंच काढलं. दवाखान्यात एक म्हातारे पास्टर होते. सगळे त्यांना पास्टरबाबा म्हणत. रोग्यांजवळ बसायचं, त्यांच्याशी बोलायचं, कोणी म्हटलं तर प्रार्थना करायची, सकाळी वॉर्डात पाच मिनिटं एखादी गोष्ट सांगायची, हे त्यांचं काम. त्यांची नजर काचबिंदूनं जात चालली होती.

"त्यांच्या जागी कोणीतरी लागेलच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तू बावीस वर्षं तेच तर केलंस. फक्त तुझ्या हातात सुई असायची. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, घरी बसून करता येतो. परीक्षा द्यावी लागेल."

आमच्या घरात आजोबांपासून बायबल आहे. गोष्टी मला पाठ होत्या. पण पाठ असणं वेगळं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यावर परीक्षा देणं वेगळं. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणून कुठं जायचं ते मला माहीत नव्हतं.

अभ्यासक्रमाच्या सरांनी फोनवर सांगितलं की पुस्तकं विकत घेत बसू नका, बायबल अभ्यासाचं एक सॉफ्टवेअर आहे, महिन्याच्या वर्गणीवर मिळतं. नवऱ्याला गंमत वाटली. "वर्गणी गणपतीची असते, देवीची असते. आता बायबलची बी निघाली?" पण त्यानंच डेपोतल्या एका कारकुनाचा जुना लॅपटॉप आणून दिला.

आमच्याकडचं नेटवर्क म्हणजे लाईट गेली की तेही गेलं. एवढं मोठं सॉफ्टवेअर इथं उतरवून घेणं शक्य नव्हतं. म्हणून मी लॅपटॉप साडीत गुंडाळून नागभीडला बहिणीकडे गेले. तिच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तारेचं इंटरनेट होतं. सकाळी लावलं ते संध्याकाळपर्यंत उतरतच राहिलं. शेजारच्या धानाच्या बांध्यांत रोवणी चालली होती. बहीण अधूनमधून डोकावून विचारायची, "किती झालं?" जणू चुलीवर भात ठेवला आहे. एकदा उतरलं की मात्र ते नेटवर्कशिवाय चालायचं. वर्गणीची तारीख आली की तेवढ्यापुरतं बाजाराच्या चौकात जाऊन नेटवर्क धरायचं, एवढंच.

त्या लॅपटॉपवर मी पहिल्यांदा काय केलं ते मला चांगलं आठवतं. दुपारची वेळ होती. एका बाजूला मराठी बायबल उघडलं, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. माझं इंग्रजी नर्सिंगचं. ताप, नाडी, लघवी, टाके एवढ्यात ते फिरतं. 'दया' या शब्दाशेजारच्या इंग्रजी शब्दावर मी बोट टेकवलं आणि बाजूला एक चौकट उघडली. मूळ भाषेतला शब्द, त्याचा उच्चार, त्याचं मूळ, तो बायबलमध्ये आणखी कुठं कुठं आला त्याची यादी. उच्चाराच्या खुणेवर बोट ठेवलं तर एक माणूस तो शब्द बोलूनही दाखवी. खाली लिहिलं होतं की हा शब्द आईच्या गर्भाशयाच्या शब्दाशी नातं सांगतो.

मी बाळंतपणाच्या वॉर्डात आठ वर्षं काढली होती. मी खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले आणि परत येऊन ते वाचलं.

तेव्हा मला कळलं की हा तर केसपेपर आहे. रोगी आपल्यासमोर खाटेवर पडलेला असतो, तेव्हा आपल्याला फक्त आजचा ताप दिसतो. केसपेपर उघडला की कळतं, हा कुठून आला, आधी कुठं भरती होता, घरात कोणाला काय होतं. इथं प्रत्येक शब्दाचा केसपेपर होता, आणि कोणीतरी तो इतक्या नीट भरून ठेवला होता की एकही रकाना कोरा नव्हता. आमच्या वॉर्डात असं कधी जमलं नाही. ज्या कोणी हे काम केलं असेल त्या माणसांना मी मनोमन हात जोडले. नकाशे होते, झाडांची आणि जनावरांची वेगळी पुस्तकं होती, मापं-वजनं होती. इंग्रजी अडलं की शब्दकोशात पाहायचं, परत वाचायचं. महिनाभरात माझी दुपारची झोप गेली आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

वाटत होतं ते पास्टरबाबांचं. त्यांच्याकडे एक लोखंडी पेटी होती आणि पेटीत बुटांचे खोके. खोक्यांत कार्डं. दवाखान्यातल्या औषधांचे रिकामे पुठ्ठे कापून, त्यांच्या पांढऱ्या बाजूवर त्यांनी चाळीस वर्षं एकेक शब्द आणि तो कुठं कुठं आला ते लिहून ठेवलं होतं. अक्षरं मोत्यासारखी. अ पासून ज्ञ पर्यंत लावलेली. जवळजवळ प्रत्येक मंगळवारी ते दवाखान्याच्या औषध खिडकीशी पुठ्ठे मागायला यायचे, हे मी नवी नर्स असल्यापासून पाहत आले होते. त्यांचं आयुष्यभराचं काम माझ्या लॅपटॉपवर एका बोटानं होत होतं. हे त्यांना कसं सांगायचं? मी तीन महिने सांगितलंच नाही.

त्यांनीच एक दिवस विचारलं. "सिस्टरबाई, तुमच्याकडे म्हणे मशीन आलं. आणा ना इकडे. मले लपवून काऊन राह्यल्या?"

मी घेऊन गेले. त्यांच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला. ते म्हणाले, "'विहीर' शोधा." मी शोधलं. त्यांनी मला खोक्यातून विहिरीचं कार्ड काढायला लावलं आणि म्हणाले, "आता तुम्ही वाचत जा, मी मोजत जातो." त्यांना कार्ड दिसत नव्हतं, पण पाठ होतं. मी लॅपटॉपवरची यादी वाचत गेले आणि ते बोटं मिटत गेले. शेवटी एक जागा अशी निघाली की ती कार्डावर नव्हती.

मला वाटलं आता वाईट वाटेल. ते खदाखदा हसले. "चाळीस वर्षांत एकच सुटली? बरं झालं. नाई तर गर्व झाला असता. लिहा तिथं, तुमच्याच हातानं लिहा." मी त्या कार्डावर खाली माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं. मग ते म्हणाले, "हे मशीन मले तेव्हा भेटलं असतं ना, तर मी घरी टाइमावर जेवाले गेलो असतो. बाईनं माझी लय वाट पाह्यली." त्यांची बायको वारून पाच वर्षं झाली होती.

मग ते खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "आता एक असली काम. 'उंबर' शोधा."

त्यामागची गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी सांगितली. तरुणपणी ते सूरजागडच्या डोंगराकडच्या गावांत पायी फिरायचे. एका गावात त्यांनी बायबलमधल्या बुटक्या जकातदाराची गोष्ट सांगितली. गर्दीत प्रभू दिसेना म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला, अशी ती गोष्ट. ऐकणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्या गोंड माणसानं विचारलं, "आमच्याच वानी उंबर का?" पास्टरबाबा पटकन हो म्हणाले. परतताना नाल्याच्या काठी एक भलं मोठं उंबर लागलं. त्याच्या खोडाला फळं लगडली होती. ते त्याच्याखाली उभे राहिले आणि त्यांच्या मनात आलं, मला कुठं माहीत आहे? मी पाहिलं आहे का ते झाड?

"त्या दिवसापासून मी ती गोष्ट सांगताना 'एका झाडावर' म्हणतो. उंबर म्हणत नाई. त्या म्हाताऱ्याले खोटं सांगितलं का खरं, हे मले अजून माहीत नाई."

मी झाडांचं पुस्तक उघडलं. मूळ शब्द सापडला, त्याच्याखाली झाडाचं चित्र, त्याच्याखाली फळांचं. मी इंग्रजी दोनदा वाचून खात्री करून घेतली. तिकडचं झाड आपलं उंबर नव्हे, पण त्याच कुळातलं. फांद्या खाली वाकलेल्या, चढायला सोप्या. आणि फळं थेट खोडाला, घोसानं.

मी चित्र मोठं केलं. पास्टरबाबांनी नाक काचेला टेकेल इतका चेहरा जवळ नेला. बराच वेळ तसेच होते. मग बोटानं खोडावरचे ते फुगीर ठिपके चाचपत म्हणाले, "खोडालेच लागते ना?"

"हो. खोडालाच."

"म्हणजे सख्खा भाऊ नाई, चुलतभाऊ हाये." ते मागे टेकून बसले. "मी अर्धंच खोटं बोललो." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता. पुढच्या रविवारी उपासनेत त्यांनी तीच गोष्ट सांगितली आणि 'उंबर' हा शब्द असा मोठ्यानं उच्चारला की मागच्या बाकावरची माणसं दचकली.

मी मात्र त्या सॉफ्टवेअरच्या प्रेमात जरा जास्तच पडले होते. हे मला वॉर्डात कळलं.

पावसाळा होता. डॉक्टरबाईंनी सांगितलं की आता सकाळची पाच मिनिटं तू घे. मी दोन दिवस तयारी केली. गोष्ट निवडली ती लुळ्या माणसाची. चौघं जण त्याला बरं करायला खाटेवर घालून प्रभूकडे घेऊन येतात, घराभोवती गर्दी असते, म्हणून ते छपरावर चढून छप्पर उचकटतात आणि खाट खाली सोडतात. त्या छपराबद्दल सॉफ्टवेअरमध्ये फार सुंदर माहिती होती. तुळया कशा टाकायचे, वर फांद्या, त्यावर माती, पावसाआधी ती दगडी रुळानं कशी दाबून घ्यायचे. मी सगळं लिहून घेतलं. मूळ शब्दाचे अर्थही घेतले, दोन भाषांतले.

पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली. एक बाई केस विंचरत होती. दोघी झोपल्या होत्या. सहा नंबरच्या खाटेची सलाईन संपत आली होती. मी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होते आणि तरी छपराच्या मातीवर बोलत होते. ड्युटीवरच्या सिस्टरनं येऊन बाटली बदलली तेव्हा माझे कान गरम झाले.

प्रार्थना संपली. नऊ नंबरच्या खाटेशी एक म्हातारी जमिनीवर बसली होती. भामरागडकडची माडिया आदिवासी बाई. तिची सून मेंदूत चढलेल्या मलेरियानं आदल्या दिवशीच भरती झाली होती आणि अजून पुरती शुद्धीवर नव्हती. म्हातारीला बाजारापुरती मराठी येत होती. तिनं मला हातानं बोलावलं.

"बाई, तू लय सांगितली. थो मानूस बरा झाला का नाई?"

मी चपापले. ते सांगायचंच राहिलं होतं. "झाला, आजी. उठून चालत घरी गेला. स्वतःची खाट स्वतः उचलून."

तिनं मान डोलावली. सुनेच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग परत विचारलं, "आनि त्या चौघायले जेवाले कोन देल्लं?"

"कोणत्या चौघांना?"

"खाटवाल्यायले." मला कळत नाही हे पाहून ती जरा मोठ्यानं म्हणाली, "लंबून आनलं असन ना? खांदे दुखले असन. भूक लागली असन. त्यायले कोन जेवाले देल्लं?"

मी सुनेच्या खाटेकडे पाहिलं आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख झालं. "आजी, तुमच्या सुनेला कोणी आणलं?"

"माहा पोरगा. आनि गावचे तीन."

"खाटेवर?"

"खाटेवर. नदीले पूर हाये. पुलावरून पानी गेलं. रानातून आनलं, मंग जीप भेटली."

"ते कुठं आहेत?"

तिनं खिडकीकडे हनुवटी केली.

दवाखान्याच्या मागं नातेवाइकांच्या स्वयंपाकासाठी पत्र्याची शेड आहे, चुली मांडलेल्या. तिथं भिंतीला टेकून चौघं जण बसले होते. त्यांच्याशेजारी खाट उभी करून ठेवली होती, तिला बांबू बांधलेले तसेच होते. त्यांच्याजवळ भांडं नव्हतं, तांदूळ नव्हता, आणि त्यांनी कोणाला काही मागितलंही नव्हतं. पूर उतरेपर्यंत परतायला रस्ता नव्हता. शेवटचं कधी जेवलात विचारलं तर एकमेकांकडे पाहून त्यांतला थोराड माणूस म्हणाला, "काल सकाळी. जीपवाल्याच्या गावात भात देल्ला."

मी चला म्हटलं तर कोणी उठेना. म्हातारीचा मुलगा म्हणाला, "ती जेवली का?"

"अजून शुद्ध नाही. पण सलाईन चालू आहे, ताप उतरतो आहे. तुमची आई जेवली. वॉर्डात तिला ताट मिळतं."

तेव्हा कुठं ते उठले. दवाखान्याच्या खानावळीत मी त्यांना वरण-भात आणि वांग्याची भाजी वाढायला लावली. चौघंही मान खाली घालून जेवू लागले. तिसऱ्यांदा भात घेताना त्यांतला एक हसला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला, तसे सगळे हसले. त्याचा सदरा खांद्यावर फाटला होता आणि आतली कातडी बांबूनं सोलून ओली झाली होती.

माझा हात आपोआप उठला. बावीस वर्षांची सवय. ट्रे, बोळे, चिमटा, सगळं डोळ्यांपुढं आलं. मग मला माझी स्वतःची बोटं दिसली. मी ड्युटीवरच्या सिस्टरला बोलावणं पाठवलं आणि ती मलमपट्टी करत होती तोवर त्या माणसाशेजारी बाकावर बसले. औषध झोंबलं की तो बोलायचा थांबे, मग परत सुरू करी. नाला कुठं ओलांडला, खाट डोक्यावर कशी धरली, एका जागी त्याचा पाय सरकला तेव्हा बाकीचे तिघं कसे थांबले, असं तो तुटक तुटक सांगत होता. पट्टी बांधून होईपर्यंत मी एकही शब्द बोलले नव्हते. माझ्या नव्या कामातला तो मला पहिला धड जमलेला दिवस वाटतो.

घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला. त्या गोष्टीवरची जेवढी म्हणून टीका-टिप्पणी त्यात होती ती सगळी पाहिली. जुन्या काळच्या विद्वानांची, नव्या काळच्या विद्वानांची. चौघांच्या विश्वासाबद्दल पानंच्या पानं होती. छपराचं नुकसान कोणी भरून दिलं असेल, यावरसुद्धा एकानं लिहिलं होतं. जेवणाबद्दल कोणीही विचारलं नव्हतं. त्यात मला सॉफ्टवेअरचा दोष वाटला नाही. माणसांनी जे विचारलं तेच ते सांभाळून ठेवतं, आणि इमानानं ठेवतं. शिवाय वाचणाऱ्यानं आपलं काही लिहावं म्हणून त्यात प्रत्येक ओळीला जागा दिलेली असते. तोवर मी त्या जागेत एक अक्षरही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिली टीप लिहिली. आजीचा प्रश्न, तिच्याच शब्दांत.

पास्टरबाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असन, सिस्टरबाई? आनि मले हे सुचलं नाई." मग मला पुठ्ठा कापायला लावून नवं कार्ड लिहायला लावलं. कार्डाच्या वर कोणता शब्द टाकायचा यावर आमचा थोडा वाद झाला. मला 'खाट' योग्य वाटत होता. त्यांनी 'जेवण' टाकायला लावला.

त्या महिन्याचा माझा निबंध मी याच प्रश्नावर लिहिला. अभ्यासक्रमाच्या सरांचा फोन आला. "चांगलं लिहिलंय. पण हा मुद्दा कोणत्या ग्रंथातला? संदर्भ दिला नाही तुम्ही."

"सर, एक आजी आहेत. भामरागडकडच्या. स्त्रियांचा वॉर्ड, खाट क्रमांक नऊ."

सरांनी खाट क्रमांक परत विचारून घेतला. मग सर म्हणाले, "तसंच लिहा. खाट क्रमांकासह."

सून चौथ्या दिवशी बोलायला लागली आणि बाराव्या दिवशी घरी जायला निघाली. पूर उतरला होता, बस सुरू झाली होती. तोवर चौघंही दवाखान्यातच होते. रोज खानावळीत जेवायचे आणि कोणी न सांगता मागचं अंगण झाडायचे, लाकडं फोडायचे. डॉक्टरबाईंनी त्याच आठवड्यात खानावळीला सांगून ठेवलं की दुरून रोगी घेऊन येणाऱ्यांना केसपेपर निघायच्या आधी जेवायला विचारायचं. ते आजही चालू आहे.

अडचण झाली ती खाटेची. ती टाकून जायला ते तयार नव्हते. खाट चांगली मजबूत होती आणि दुसऱ्या कोणाची तरी मागून आणलेली होती. कंडक्टर म्हणाला, खाट बसमध्ये चालणार नाही. मी नवऱ्याला डेपोतून बोलावलं. तो आला, खाटेकडे पाहिलं, बसच्या टपाकडे पाहिलं आणि दोर घेऊन स्वतः शिडीनं वर चढला. चौघांनी खालून खाट उचलून दिली. "वर सोडाचीच सवय हाये यायले," तो वरून म्हणाला. त्याला माझी गोष्ट अर्धवटच आठवत होती. त्या गोष्टीत खाट खाली सोडतात, पण मी ते दुरुस्त केलं नाही.

दोन वर्षं पुरी झाली. मी परीक्षा पास झाले, फार चांगल्या गुणांनी नव्हे. आता मीच ते काम करते. हात बरे आहेत. पास्टरबाबा बल्लारपूरला मुलीकडे गेले. वर्गणी मी अजून भरते, आणि खोटं कशाला बोलू, एखादा शब्द उघडताना मला अजूनही पहिल्या दुपारसारखंच होतं. पण आता वॉर्डात जाताना लॅपटॉप माझ्या पिशवीत असतो, तोंडात नसतो.

मागच्या महिन्यात एक टेलरचाचा आले होते. गडचिरोलीत त्यांचं शिवणाचं दुकान आहे. चाचींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि चाचा त्यांच्या खाटेशी नुसते अस्वस्थ बसून होते. माझी पिशवी पाहून त्यांनी विचारलं, यात काय आहे? मी सांगितलं. ते म्हणाले, "ती वाळवंटातली माय हाये का त्यात? लेकराले घेऊन निघाली, पानी संपलं, थी?"

"आहे ना." ती माय बायबलमध्येही आहे आणि चाचांच्या धर्मातही. मी ती गोष्ट उघडली. नकाशाही उघडला, ते वाळवंट, त्यातल्या विहिरी. मग वाचून दाखवलं. पाणी संपतं, ती लेकराला झुडपाखाली ठेवते, दूर जाऊन बसते आणि रडते. मग तिला विहीर दिसते.

चाचा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बसली नाई ती, सिस्टर. आमच्या अम्मीनं सांगितलेल्यात ती बसत नाई. दोन पहाड हायेत. ती इकडून तिकडे पळते, पानी पाहाले. आधी पानी दिसते, मंग ती पळते..."

खाटेवरून बारीक आवाज आला. चाचींचे डोळे मिटलेलेच होते. पोटावर हात ठेवून, टाके सांभाळत त्या म्हणाल्या, "उलटं सांगून राह्यले तुम्ही. आधी पळते. सात खेपा पळते. पानी मंग."

"हो, हो, आधी पळते," चाचा म्हणाले आणि स्टूल माझ्याकडे सरकवून त्यांनी गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.